जुनी ॲकूस्टिक गिटार घेताना: आधी आतून बघा, नाव शेवटी वाचा

हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, ‘मार्टिन’ किंवा ‘गिब्सन’ अशी नामांकित अमेरिकन नावं दिसली की अनेकांचा हात आधी खिशाकडे जातो आणि डोळे नंतर उघडतात. जुन्या ॲकूस्टिक गिटारीच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. स्टीलच्या सहा लाइट तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून सत्तर किलोंच्या वर ताण येतो आणि तो पेलायचा असतो जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या स्प्रूस लाकडाच्या वरच्या फळीने, म्हणजे टॉपने. पन्नास, सत्तर, नव्वद वर्षं त्या तारा गिटारीला मधोमध दुमडू पाहत असतात. नेक (हातात धरायची दांडी) पुढे झुकते, ब्रिजमागचा (तारा अडकवायच्या लाकडी पट्टीमागचा) टॉप फुगतो, आतल्या पट्ट्यांचा सरस सुटतो. मॉडेल दुर्मीळ असो की साधं, यातून कुणाची सुटका नाही. त्यामुळे पारख करायची ती या गोष्टीची: ताणाने गिटारीचं काय केलंय आणि मधल्या काळात कुणी तिच्यात काय काय केलंय. नाव, साल आणि विकणाऱ्याने सांगितलेली कहाणी त्यानंतर.

१. वाजवायला हवी की जपायला?

हे ठरवल्याशिवाय बघायलाच जाऊ नका. मूळ पॉलिश, मूळ खुंट्या, मूळ ब्रिज असं सगळं जागच्या जागी असलेली गिटार संग्राहकांची. त्याच मॉडेलचं पॉलिश कधीतरी खरवडून नवं केलेलं असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते, हा बाजाराचा जुना ठोकताळा आहे. खुंट्या बदललेल्या, टॉपवर एखादी नीट बुजवलेली भेग, नव्या फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पण वाजायला ठणठणीत, ही वाजवणाऱ्याची गिटार. पहिल्या खरेदीला मी कुणालाही दुसरीच सुचवेन. ती रोज हातात घेता येते, आणि रोज हातात घेतल्याशिवाय जुनं लाकूड कसं बोलतं ते कळत नाही.

२. कुठल्या काळातली, हे समजून घ्या

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिनने १८३३ साली न्यू यॉर्कमध्ये काम सुरू केलं आणि काही वर्षांतच बस्तान पेन्सिल्व्हेनियातल्या नॅझरेथला हलवलं. टॉपच्या आतून फुलीसारख्या पट्ट्या लावायची एक्स ब्रेसिंगची पद्धत त्यांच्याकडे १८४०च्या दशकात रुजली. तेव्हा गिटारीला आतड्याच्या तारा असत. स्टीलच्या तारा आल्यावर हीच रचना सगळ्यात उपयोगाची ठरली. १९२९ मध्ये चौदाव्या फ्रेटला नेक जोडलेलं ओएम मॉडेल आलं, १९३४ पासून तशी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद पोटाची गिटार (मॉडेलच्या नावातला ‘डी’ तिचाच). संग्राहक ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो इथून सुरू होतो आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस संपतो.

असं का, याचं उत्तर गिटारीच्या पोटात आहे. १९४४ च्या अखेरपर्यंत मार्टिनच्या ब्रेसिंगच्या पट्ट्या मध्ये खोलगट तासलेल्या असत, त्यालाच स्कॅलप्ड म्हणतात. टॉप हलका, मोकळा हलणारा. पण वाजवणारे जाड तारा लावू लागले, टॉप फुगलेल्या गिटारी दुरुस्तीला परत येऊ लागल्या, म्हणून कंपनीने पट्ट्या सरळ ठेवायला सुरुवात केली. काठावरची नक्षीदार हेरिंगबोन पट्टी जर्मनीहून येई. तिचा साठा संपला तशी तीही १९४७ च्या सुमारास गेली. आज ‘हेरिंगबोन डी-२८’ म्हटलं की लोक कान टवकारतात, पण आवाजातला फरक त्या नक्षीचा नाही, आतल्या तासकामाचा आहे. १९४५-४६ च्या गिटारींना नक्षी आहे आणि पट्ट्या मात्र सरळ. दर सांगताना हा भेद सोयीस्करपणे विसरला जातो. १९७६ मध्ये मार्टिनने एचडी-२८ काढून दोन्ही गोष्टी परत आणल्या. बजेट बेताचं असेल तर त्या सुरुवातीच्या एचडी-२८ अवश्य बघा.

सुवर्णकाळातल्या डी-४५ चा उल्लेख टाळता येत नाही. पहिली १९३३ मध्ये जीन ऑट्री या गायक-नटासाठी बनली आणि १९४२ पर्यंत एकूण ९१ झाल्या. त्या आपल्या वाट्याला येणार नाहीत. पण जुन्या साध्या डी-२८ वर शिंपल्याची नक्षी चढवून तिची डी-४५ केलेल्या गिटारी बाजारात फिरतात हे माहीत असू द्या. १९६९ च्या शेवटाकडे मार्टिनने पाठ आणि बाजूंसाठी ब्राझिलियन शिसवी (रोझवूड) सोडून भारतीय शिसवी वापरायला घेतलं. किमतीतली एक मोठी पायरी तिथे आहे.

गिब्सनची गोष्ट निराळी. त्यांचा कारखाना तेव्हा मिशिगनमधल्या कॅलमाझूला होता. नेकमध्ये बसवायचा, आवळता-सैल करता येणारा धातूचा दांडा, म्हणजे ट्रस रॉड, त्यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणला. मार्टिनने तो १९८५ पर्यंत घेतला नाही. १९४२ साली जे-४५ आली. युद्धकाळातल्या या गिटारींच्या हेडस्टॉकवर छोटा फलक असतो, म्हणून त्यांना ‘बॅनर गिब्सन’ म्हणतात. कामगार पुरुष आघाडीवर गेल्यामुळे त्या बऱ्याच अंशी बायकांनी घडवल्या. धातूच्या टंचाईमुळे काहींत ट्रस रॉड नाही, लाकूडही जे हाती आलं ते. तरीही गिब्सनच्या सगळ्या ॲकूस्टिकमध्ये माझं मत यांनाच. १९६५ च्या सुमारास गिब्सनचा नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) रुंदीला ४३ मिलिमीटरवरून ४० वर आला आणि सत्तरच्या दशकात आत दुहेरी एक्स ब्रेसिंग आलं. या जड गिटारी स्वस्त मिळतात, आणि का मिळतात ते दोन मिनिटं वाजवल्यावर कळतं.

हार्मनी, के, स्टेला ही शिकागो आणि जर्सी सिटीकडची नावं. एके काळी या गिटारी टपाल-कॅटलॉगमधून ढिगाने विकल्या जात. आत शिडीसारख्या आडव्या पट्ट्या, आवाज कोरडा, ठोसर, पटकन विरणारा. बोटांनी वाजवायच्या ब्लूजला तोच लागतो. जपानी यामाहाची लाल लेबलवाली एफजी-१८० ही १९६६ ची. तिचा टॉप प्लायचा आहे, तरी ती मजेत वाजते.

३. नंबर वाचा, पण त्यावर विसंबू नका

मार्टिनचं काम सोपं. साउंडहोलमधून नेकच्या दिशेने आत पाहिलं की ठोकळ्यावर नंबर ठोकलेला दिसतो. हे नंबर १८९८ पासून सलग चालत आलेत आणि १९३० च्या अखेरीपासून नंबरच्या वर मॉडेलचं नावही असतं. कोष्टक कंपनीनेच जाहीर केलेलं आहे.

गिब्सनमध्ये गोंधळ आहे. साठच्या दशकात तोच नंबर दोन-तीनदा वापरला गेला. त्यामुळे साल काढायचं ते खुणांवरून: नटची रुंदी, पिकगार्डचा (टॉपवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पातळ तुकड्याचा) आकार, ब्रिजची जात, हेडस्टॉकमागे ‘मेड इन यूएसए’चा ठसा आहे का (तो १९७० पासून येतो). १९७७ नंतर आठ आकडी नंबर आले. त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८२०१३०१७ असेल तर १९८३ चा २०१ वा दिवस, म्हणजे २० जुलै. हार्मनीच्या पोटात पुष्कळदा सालाचा शाईचा शिक्का असतो. टॉर्च तिरकी धरली तर दिसतो.

नंबर एक काळ सांगतो आणि अंगावरच्या खुणा दुसरा, असं झालं तर खुणांवर विश्वास ठेवा आणि कारण विचारा.

४. तपासणी: इथे घाई नको

जाताना चार वस्तू न्या: पोलादी सरळ पट्टी, मिलिमीटरची छोटी फूटपट्टी, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा आणि लहानशी टॉर्च. विकणाऱ्याला आधी सांगून गिटार सुरात लावून घ्या. सैल तारांवर कुठलीही गिटार निरोगी दिसते.

पहिली पाळी नेकच्या कोनाची. पट्टी फ्रेटवर उभ्या काठाने ठेवा, मधोमध, आणि ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकायला हवं. सॅडलला (ब्रिजवर तारा टेकतात त्या बारीक पट्टीला) नव्हे, लाकडाला. ते ब्रिजच्या पुढच्या बाजूवर खाली आपटत असेल तर नेक पुढे झुकली आहे आणि नेक रिसेट करावा लागणार. आता बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. सगळ्यात जाड (ई) तारेची अडीच मिलिमीटरच्या आसपास, सगळ्यात बारीक (ई) तारेची पावणेदोन ते दोन, हे वाजवायला सुखाचं. शेवटी सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतं ते बघा. तीनेक मिलिमीटर असेल तर उत्तम. तारा उंच आणि सॅडल मात्र ब्रिजमध्ये बुडालेलं, म्हणजे पुढे खाली घ्यायला जागाच उरलेली नाही.

एक लबाडी इथे हमखास सापडते. रिसेटचा खर्च चुकवायला ब्रिजच वरून तासलेला असतो. बाजूने बघा. मार्टिनचा मूळ ब्रिज आठ-नऊ मिलिमीटर जाड असतो. तो पाच-सहावर आलेला, पिनांची भोकं काठावर पातळ झालेली दिसली, तर दोन खर्च धरा: नवा ब्रिज आणि रिसेट.

रिसेट म्हणजे संकट समजू नका. पंधराव्या फ्रेटची धातूची पट्टी काढून तिच्या खाचेतून बारीक भोक पाडतात, नेकच्या डव्हटेल सांध्यात वाफ सोडतात, सरस मऊ झाला की नेक सुटते. टाच किंचित तासून कोन सुधारतात आणि पुन्हा बसवतात. चांगल्या कारागिराने केलेला रिसेट किंमत कमी करत नाही, उलट जुन्या गिटारीच्या आयुष्यातला तो अपेक्षित टप्पा आहे. झालेला नसेल तर खर्च किमतीतून वजा करून मागा, एवढंच.

झुकलेली नेक वेगळी आणि वाकलेली वेगळी. पहिली आणि चौदावी फ्रेट एकाच वेळी दाबून मध्ये तारेखाली किती फट राहते ते बघा. पोस्टकार्डाएवढी राहिली तर ठीक. गिब्सनमध्ये ट्रस रॉडने ती जुळवता येते. १९८५ च्या आधीच्या मार्टिनमध्ये फिरवायला काही नाही, तिथे जाड बुडाच्या फ्रेट ठोकून लाकूड मागे रेटतात. ते काम कुशल हाताचंच.

आता पोटात. आरसा साउंडहोलमधून आत घाला, वर फिरवा आणि ब्रिजच्या खालची फळी शोधा. तारांच्या टोकाचे गोळे तिच्यावर अडकतात. निरोगी फळीवर सहा स्वच्छ भोकं दिसतात. कुरतडलेली असेल तर भोकांभोवती लाकडाच्या चिंध्या झालेल्या असतात आणि गोळे टॉपमध्येच घुसू लागलेले असतात. ही फळी मूळची लहान आणि मेपलची आहे की कुणी भलीमोठी शिसवीची चिकटवली आहे तेही पाहा. मोठी फळी टॉप दाबून टाकते. मग पट्ट्यांकडे वळा. बोटाच्या पेराने बाहेरून टॉपवर आणि पाठीवर हलके टकटक करत फिरा. कुठे भुर्र असा फाटका आवाज आला तर तिथली पट्टी सुटली आहे. सरसाने पुन्हा बसते, घाबरू नका.

ब्रिजमागे टॉपला थोडी गोलाई असणं नैसर्गिक आहे. अगदी सपाट टॉप दिसला तर मला उलट शंका येते. ब्रिज पुढे झुकून टॉपचा पुढचा भाग साउंडहोलकडे खचला असेल आणि ब्रिजच्या मागच्या काठाखाली कागद सरकत असेल, तर मात्र गोष्ट गंभीर.

भेगा तीन ठिकाणी शोधा. जुन्या मार्टिनचा पिकगार्ड कच्च्या लाकडावर थेट चिकटवलेला असे. सेल्युलॉइड आकसतं, लाकडाला ओढतं, आणि त्याच्या काठाने ब्रिजपर्यंत भेग जाते. ही भेग इतकी नित्याची आहे की तिच्यामुळे सौदा मोडू नये. फिंगरबोर्डच्या दोन्ही बाजूंनी साउंडहोलपर्यंतच्या भेगा बघा, त्यांची काळजी जास्त. बाजूच्या फळ्यांवरची भेग बहुधा आपटल्याची. आत आरसा लावून भेगेवर लाकडाचे छोटे तुकडे नीट बसवले आहेत का, की नुसता गोंद ओतला आहे, ते पाहा. इपॉक्सी किंवा सुपरग्लूचे चकाकते ओघळ दिसले तर पुढचा कारागीर तुमच्याकडून जास्तच पैसे घेणार. जुना सरस वाफेने सुटतो, हे सुटत नाहीत.

टॉप अखंड लाकडाचा की प्लायचा, हे साउंडहोलच्या कडेवर कळतं. वरच्या रेषा कडेवरून खाली सलग उतरत असतील तर अखंड. मध्ये आडवा थर दिसला तर प्लाय.

५. पॉलिश आणि सुटे भाग

नायट्रोसेल्युलोजच्या जुन्या पॉलिशला बारीक जाळी पडते, रंग मधासारखा होतो, कोपरे झिजतात. खोली अंधारी करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च टाका. जुनं नायट्रो हिरवट-पिवळसर उजळतं, नंतर मारलेले पट्टे गडद उठून दिसतात. हेडस्टॉकच्या मानेशी तुटून जोडलेली जागा या उजेडात हमखास पकडली जाते. गिब्सन असेल तर तिथे डोळ्यात तेल घालून बघा.

खुंट्यांमागे रिकामी किंवा बुजवलेली भोकं म्हणजे त्या बदललेल्या. सहाऐवजी चार तारांची टेनर गिटार कधीकधी नेक बदलून सहातारी केलेली असते. ते वाईट नाही, पण किमतीत दिसलं पाहिजे.

६. ऐकायची कशी

कॉर्ड झोडपू नका. एकेक तार, प्रत्येक फ्रेटवर, सावकाश. कुठे खुर्र होतं, कुठे सूर लगेच मरतो, ते टिपा. मग अगदी हळू वाजवा. हलक्या स्पर्शाला गिटार किती लवकर बोलते, ही चांगल्या जुन्या टॉपची खूण. मोठ्या आवाजाला भुलणं सोपं आहे. नंतर गिटार दुसऱ्याच्या हाती द्या आणि समोर सात-आठ फुटांवर उभे राहा. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं तो अर्धाच आवाज असतो.

शिसवीच्या पाठीबद्दल एक गंमत. २०१८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी पाठ आणि बाजू सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या सहा गिटारी बनवून घेतल्या आणि ५२ वादकांना डोळ्यांवर काळा चष्मा देऊन वाजवायला लावल्या. ब्राझिलियन शिसवी आणि स्वस्त लाकूड यांत वादकांना भरवशाने फरक करता आला नाही. ब्राझिलियन शिसवी सुंदर दिसते, दुर्मीळ आहे, म्हणून महाग आहे. ते पैसे आवाजाचे समजून मोजू नका.

७. सरहद्दीपलीकडून मागवत असाल तर

ब्राझिलियन शिसवी १९९२ पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. देशाबाहेर विकायची-न्यायची तर कागद लागतो, गिटार कितीही जुनी असली तरी. इतर शिसवी जातींवर २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियनला नाही. नट-सॅडल हस्तिदंताचं आणि पिकगार्ड खऱ्या कासवपाठीचा असेल तर तो वेगळाच फास. भिंगातून पाहा: हाडावर बारीक काळे ठिपके असतात, हस्तिदंतावर नसतात. कागद विकणाऱ्याने आधी दाखवायचे, पैसे नंतर. ‘पाठवतो, काही होत नाही’ म्हणणाऱ्याची गिटार कस्टम्समध्ये अडकली की त्याचं काही जात नाही.

८. घरी आणल्यावर

प्रवासातून आलेली पेटी लगेच उघडू नका. थंड गिटार एकदम गरम खोलीत आली की पॉलिश तडकतं. काही तास बंदच राहू द्या.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान हवी. पेटीत छोटा हायग्रोमीटर ठेवा, पण आधी तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. काटा ७५ वर यायला हवा, जितका चुकेल तितकं पुढे वजा-जमा करा. फ्रेटची टोकं हाताला बोचू लागली, टॉप खचला, तर हवा कोरडी आहे. तारा आपोआप उंच झाल्या आणि टॉप फुगला तर दमट.

तारा लावताना गिटारीचं वय बघा. आडव्या पट्ट्यांच्या गिटारीला एक्स्ट्रा लाइट किंवा सिल्क-अँड-स्टीलच्या मऊ तारा पुरे. १९२० च्या आधीच्या लहान पार्लर गिटारी पुष्कळदा आतड्याच्या तारांसाठीच बनलेल्या आहेत. स्टील लावलं तर काही महिन्यांत ब्रिज उखडेल. तिथे नायलॉन.

पुसायला मऊ सुती कापड, फार तर तोंडाच्या वाफेने ओलसर केलेलं. सिलिकॉनचं पॉलिश कधीच नको, पुढे कुठलीही दुरुस्ती त्यावर धरत नाही. स्टँडचं रबर आणि व्हिनाइलचे पट्टे नायट्रोला चिकटून डाग पाडतात, मध्ये सुती कापड घाला. बदललेला प्रत्येक मूळ भाग, अगदी तुटकी पिनसुद्धा, पिशवीत घालून चिठ्ठीसकट पेटीत ठेवा.

अपवाद एकच: सडू लागलेलं सेल्युलॉइड. जुन्या खुंट्यांच्या टोप्या, बाइंडिंग (काठावरची पट्टी) किंवा पिकगार्ड चुरा होऊ लागला, नाकाला झोंबणारा वास यायला लागला, जवळच्या फ्रेट आणि तारा हिरव्या पडू लागल्या, तर तो आम्लाचा वायू आहे. बंद पेटीत तो कोंडतो आणि शेजारचा निरोगी भागही खातो. असा सुटा तुकडा गिटारीपासून दूर, हवेशीर जागी ठेवा. बाइंडिंगच सडत असेल तर पेटी रोज थोडा वेळ उघडी ठेवा आणि कारागिराकडे न्यायला उशीर करू नका.